आठवड्यातून दोनदा

९ जानेवारी

प्रिय दादा,

मी सुखरूप पोचले. कालपासून कामावरही रुजू झाले. हे पत्र शाळेबाहेर उभ्या केलेल्या बसमध्ये, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. सकाळी पोरांना सोडलं की शाळा सुटेपर्यंत बस रिकामी असते आणि मला दुसरा उद्योग नसतो.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. तर तुझा फोन म्हणजे "बरंय. ठेवू?" एवढ्यावर आटपतो. आता तोंडात फोड आहेत हे निमित्त झालं, पण तू जन्मापासून तसाच आहेस. कागदावर मात्र तू वेगळा माणूस होतोस. आयुष्यभर पुलांची तपासणी करून अहवाल लिहिलेस, तुझा हात कागदावर खोटं लिहीतच नाही. मला तसला अहवाल हवाय. तुझ्या खोलीत बाहेरचा कागद न्यायला बंदी आहे हे माहीत आहे. वहिनी काचेच्या पलीकडे उभी राहून इंटरकॉमवर वाचून दाखवेल, मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. वहिनी, वाचतेस ना? मग हेही मोठ्याने वाच: आमची वहिनी लाखात एक आहे, फक्त तिच्या हातचा चहा पाणचट असतो.

माझी काळजी करू नका. पेशी वाढवायच्या इंजेक्शनांनी हाडं दुखत होती ती थांबली. त्या मशीनशेजारी दोन्ही हात ताठ ठेवून पडायचं, एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्या हातातून परत आत, आणि मधल्यामध्ये त्यांनी तुझ्यापुरत्या मूळपेशी गाळून घ्यायच्या. नाक खाजवायचं तरी नर्सला सांगावं लागायचं. शेवटी हाती काय आलं, तर टोमॅटोच्या रसासारखी एक एवढीशी पिशवी. मी म्हटलं, एवढ्यासाठी एवढा तमाशा? नर्स म्हणाली, ताई, यांचं सगळं नवीन रक्त आता एवढ्यातूनच तयार व्हायचंय.

तीच नर्स आणखी एक बोलली आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, तुमच्या पेशींना त्यांचं शरीर परकं वाटलं नाही म्हणजे मिळवली. म्हणजे माझ्या पेशी तुझ्यावरच उठायच्या? लहानपणी मी तुला चावायचे, तुझ्या दंडावर वण आहे अजून. तोच वात्रटपणा त्यांनी सुरू केला तर मला ताबडतोब कळव, मी इथूनच दम देते.

तुझी,
भोंगा


१७ जानेवारी

प्रिय भोंगा,

तुझं पत्र तुझ्या वहिनीने काचेबाहेरून वाचून दाखवलं. चहाच्या वाक्याला थांबली, मग तेही वाचलं. त्या दिवसापासून ती थर्मासमधून कडक चहा आणते आणि मला तोंडाने काही घेता येत नाही, म्हणून समोर बसून स्वतःच पिते. हे तुझं काम.

अहवाल मागितलास म्हणून लिहितो. खोली चार पावलं लांब, तीन रुंद. खिडकी उघडत नाही. हवा छतातल्या जाळीतून गाळून येते, तिचा सतत घुर्र आवाज. केस सगळे गेले. तोंडातले फोड कमी होतायत. तुझ्या पेशी रुजल्याची पहिली खूण परवा रक्तात दिसली. डॉक्टरीणबाई सहसा हसत नाहीत, त्या हसल्या.

आता तुझी शंका. होय, पेशी उठू शकतात. कातडी, आतडी आणि यकृत, या तीन ठिकाणी त्या आधी जातात. कुणाच्या उठतील याचा अंदाज बाई आधीपासून बांधतात. माझं वय हा एक मुद्दा. देणारी बाई आणि घेणारा पुरुष हा दुसरा. त्या बाईला मुलं झालेली असली तर आणखी एक, कारण पोटात मूल वाढवताना तिच्या पेशी परकं काय ते ओळखायला शिकलेल्या असतात. यात तुझा काही दोष नाही, पट्टी उचलून मला मारायला येऊ नकोस. जुळणारी तू एकटीच होतीस.

आणखी एक चाचणी आहे, तिचं मला फार अप्रूप वाटलं. दुसऱ्या आठवड्यात साधं रक्त घेतात. आतडं आतून दुखावायला लागलं की त्यातली काही प्रथिनं रक्तात झिरपतात. ना पोट दुखतं, ना पुरळ दिसतं, आणि तरी रक्तात कळतं. आम्ही पुलाच्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवायचो. तडा हलला की काच फुटते. पण तडा दिसल्याशिवाय काच लावणार कुठे? बाईंकडे तडा पडायच्या आधीची काच आहे. काल माझं रक्त नेलं, निकाल यायचाय.

आमच्या खात्यात धोका किती ते एका गोष्टीवरून ओळखायचं, तपासणी किती वेळा होते यावरून. चांगला पूल दोन वर्षांतून एकदा बघायचा. शंका असेल तर तीन महिन्यांनी. आणि ज्याचं काही खरं नाही, पण बंद करायला अजून पुरेसं कारण हाती नाही, तो आठवड्यातून दोनदा. लोकांना वाटायचं, वा, या पुलाची केवढी काळजी घेतात.

हात थकला. थांबतो.

दादा


२६ जानेवारी

प्रिय दादा,

म्हणजे माझी दोन कार्टीही यात आली? मी दोघांनाही सुनावलं, तुमच्यापायी मामाला ताप. धाकटा म्हणाला, आई, मी पोटात असताना काही केलं नाही. मोठी आत जाऊन रडली. मीही मग गाडी धुवायला म्हणून खाली गेले.

तू एवढं सगळं मास्तरासारखं लिहिलंस, पूल, काच, प्रथिनं. मी ते बसमध्ये दोनदा वाचलं. खरं सांगू, त्यातलं "यात तुझा काही दोष नाही" तेवढंच मला नीट दिसलं. लिहिलंस म्हणून बरं वाटलं आणि लिहावं लागलं म्हणून वाईटही वाटलं.

इकडचं म्हणशील तर शाळेने बसमध्ये पट्टा लावायची सक्ती केलीय, आणि बत्तीस पोरांचे पट्टे लावताना माझ्या घशाची चाळण होते. एका पोरीने विचारलं, काकू, तुमचं रक्त दुसऱ्याला दिलं तर तो पण तुमच्यासारखा ओरडेल का? मी म्हटलं, आमचा दादा ओरडायला लागला तर मी तुला चॉकलेट देईन.

निकाल आला का? तेवढं आधी सांग, बाकी पाल्हाळ नंतर.

भोंगा


१४ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

हॉस्पिटलमधून सुटका झाली. अजून घरी जायची परवानगी नाही. जवळच एक खोली भाड्याने घेतलीय, तिसरा मजला, लिफ्ट आहे. तुझी वहिनी दिवसातून दोनदा फरशी पुसते आणि दाराची कडी औषधाने धुते. मला बाहेर जाताना मास्क, आणि खिडकीशी खुर्ची. समोर एक कपड्यांना इस्त्री करणारा आहे. तो शर्टाची कॉलर आधी करतो, मग बाह्या, मग पाठ. मी बघत बसतो.

गंमत म्हणजे माझा रक्तगट बदलतोय. बाबांचा आणि माझा ओ, आईचा कुणी तपासलाच नव्हता, तुझा एकटीचा बी, म्हणून तू लहानपणी तुला दत्तक घेतलंय असं समजून रडायचीस. आता हळूहळू मीही बी होणार. तेव्हा तू दत्तक असशील तर मीही तुझ्याबरोबर.

निकाल आला. मला आता आठवड्यातून दोनदा बोलावलंय, सोमवारी आणि गुरुवारी. रक्त घेतात, हात बघतात, पोटाची चौकशी करतात.

भूक बरी आहे. तुझ्या वहिनीचा चहा सुधारला.

दादा


२२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र वाचून मी बसचा भोंगा वाजवला. खरंच वाजवला, शाळेचा शिपाई धावत आला. आठवड्यातून दोनदा! बघ, मी म्हणत नव्हते, ते हॉस्पिटल चांगलं आहे. आमच्या शेजारच्या काकांना ऑपरेशननंतर थेट तीन महिन्यांनी बोलावलं, मधे माणूस जिवंत आहे का तेही कुणी विचारलं नाही. तुझी किती काळजी घेतात. आता मी निर्धास्त झाले.

बी गटात तुझं स्वागत. या गटातल्या माणसांना थंडीत मनगटाला खाज सुटते, हे आधीच सांगून ठेवते. मला दरवर्षी सुटते, आईला वाटायचं मी नीट धूत नाही. तुला खाजवावंसं वाटलं तर ती माझी खाज आलीय असं समज आणि माझ्या नावाने खुशाल खाजव.

वहिनी, तुलाही वेगळं पत्र लिहीन. तू दमली असशील. त्याला सांग, खिडकीशी बसून इस्त्रीवाल्याची तपासणी पुरे कर.

भोंगा


६ मार्च

प्रिय भोंगा,

तुझी खाज आली. तळहात आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्यात. काल गुरुवारी बाईंना हात दाखवले. त्या म्हणाल्या, सौम्य आहे, मलम लावा, आणि नवीन काहीही दिसलं की ठरल्या वाराची वाट न बघता कळवा. वर असंही म्हणाल्या, की थोडंसं झालं तर त्यात चांगलंही असतं. पेशी जाग्या आहेत, म्हणजे मूळचा रक्ताचा कॅन्सर कुठे लपून राहिला असेल तर त्यालाही त्या शोधतील. हे ऐकून मला तुझा अभिमान वाटला. तू शांत बसणारी नाहीसच.

काल संध्याकाळी पाठीवरही थोडं दिसलं, उजव्या खांद्याखाली. आज त्याच्या कडेने पेनने रेघ आखून घेतलीय आणि शेजारी तारीख घातलीय. घाबरू नकोस. जुना मेलेला तडा आणि चालू तडा, यांत फरक असतो. खात्याचा नियम आहे, पहिल्यांदा दिसलेला तडा नोंदायचा नाही. खूण करायची, आणि लागोपाठ दोन तपासण्यांत हलला तरच लिहायचं. नोकरीच्या सुरुवातीला मी एक पूल पहिल्याच नजरेत बंद करायला लावला होता. लोकांना केवढा वळसा पडला, आणि तो तडा निघाला नुसत्या गिलाव्याचा. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, काच कुठे लावलीत? तेव्हापासून मी काच लावल्याशिवाय बोलत नाही.

शिवाय बाईंना उगाच सांगितलं तर त्या स्टेरॉइड देणार. स्टेरॉइड म्हणजे तुझ्या पेशींना झोपवणं. एवढ्या लांबून आल्या, एवढ्या मेहनतीने रुजल्या, त्यांना लगेच झोपवायचं मला जिवावर येतं.

बाकी ठीक. इस्त्रीवाल्याने दुकानाला नवीन पाटी लावलीय, तिरकी.

दादा


१० मार्च, मंगळवार

दादा,

तुझं पत्र आज आलं. मी बस रस्त्याच्या कडेला घेतली, पोरं आत होती तरी.

लगेच फोन केला, आणि तू काय म्हणालास? बरंय. वहिनीकडे दे म्हटलं, तर ती म्हणाली, अगं, गुरुवारी जायचंच आहे. तिचा आवाज मला बरोबर वाटला नाही. पण मी गप्प बसले, परगावी बसून मी काय डोकं लढवणार, असं म्हटलं स्वतःशी. पोरांना शाळेत सोडलं, बस धुतली, आणि बादली हातात असतानाच मला एकदम आठवलं.

घरी जाऊन तुझं जानेवारीतलं पत्र काढलं. ज्याचं काही खरं नाही, तो आठवड्यातून दोनदा. लोकांना वाटायचं, वा, केवढी काळजी घेतात.

दादा, तू मला सांगितलं होतंस. आणि मी भोंगा वाजवला.

निकाल वाईट आला होता, हो ना? माझ्या पेशी उठणार हे त्या चाचणीत दिसलं होतं, आणि तू ते मला सांगायचं टाळलंस, कारण मी म्हटलं होतं मला कळव, मी दम देते. अरे, ती थट्टा होती. मला माझ्या पेशींचं काही वाटत नाही. त्यांना झोपव, मारून टाक, गटारात ओत. मला तू हवायस.

तू पूल नाहीस. पुलाला वाट बघता येते. आणि तडा नेहमी दिसतो त्याच जागी असतो हे तुला कुणी सांगितलं? तूच लिहिलंस, आतडं आधी दुखावतं आणि बाहेर काही दिसत नाही. पोट कसं आहे? त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. हे मी आत्ता, हे वाक्य लिहिता लिहिता बघितलं.

गुरुवारची वाट बघू नकोस. हे पत्र पोचेपर्यंत गुरुवार उलटलेला असेल हे मला कळतंय. पुन्हा फोन करतेय तर तू उचलत नाहीस. वहिनी पण उचलत नाही. मी शाळेला सांगून निघायचं बघतेय.

भोंगा


१९ एप्रिल

प्रिय भोंगा,

या नावाने मी तुला कधी हाक मारली नाही, ते त्यांचं होतं. पण दुसरं कुठलं लिहायला गेले तर हात पुढे सरकेना.

तू इथे महिनाभर राहिलीस. माझ्याबरोबर आळीपाळीने बसलीस, त्यांना उचललंस, धुतलंस, माझ्यापेक्षा जास्त केलंस. पहिल्याच दिवशी नर्सने त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा तू मला विचारलंस, "पाठीवर कुणी आखलं?" मी उत्तर दिलं नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस. आणि सगळं आटोपल्यावर माझ्याशी एक शब्द न बोलता गाडीत बसलीस. तू विचारलेल्याचं उत्तर देणं माझ्याकडे राहिलंय, म्हणून लिहितेय.

मी आखलं. माणसाचा हात स्वतःच्या पाठीवर पोचत नाही, तुला ते तेव्हाच कळलं असणार.

शुक्रवारी त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. रेघ कशी आखायची ते सांगितलं, कडेला चिकटून, आत नाही, बाहेर नाही. आरशात बघून म्हणाले, तुला खात्यात घ्यायला हवं होतं. मला हसू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या कामातलं काही त्यांनी मला पहिल्यांदाच करायला दिलं होतं.

सोमवारी सकाळी बघितलं तर लाली रेघेच्या बाहेर गेली होती. बोटभर. मी सांगितलं त्यांना. म्हणाले, एकदा हलला म्हणजे चालू झाला असं नाही, दुसरी रेघ आख, गुरुवारी ठरवू. मी दुसरी रेघ आखली. पहिलीच्या बाहेर, तारीख घालून. मग आम्ही हॉस्पिटलातच गेलो, त्याच दिवशी, बाईंसमोर बसलो. बाईंनी विचारलं, हातांशिवाय आणखी कुठे? ते म्हणाले, "नोंद घ्यावी असं काही नाही." मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. शर्टाच्या आत दोन रेघा होत्या आणि दोन्ही माझ्या हातच्या. मी बोलले नाही. त्यांना खोटं पाडणं मला जमलं नसतं, पण तेव्हा मी असा विचारही केला नव्हता. मला वाटलं, त्यांना यातलं कळतं.

पोटाचं मला माहीत नव्हतं. शनिवारपासून जुलाब होत होते, ते गोळ्यांमुळे असतील म्हणून त्यांनी मलाही सांगितलं नाही. मंगळवारी तू फोन केलास तेव्हा ते बाथरूममधूनच बाहेर येत होते. तुझ्या दुसऱ्या फोनच्या वेळी रक्त पडलं होतं आणि मी त्यांना धरून उभी होते. तरी म्हणाले, गुरुवार. बुधवारी मी त्यांचं ऐकलं नाही, गाडी बोलावली. त्यांच्या मनाविरुद्ध केलेलं तेवढंच, आणि तेही उशिरा.

निकाल मला माहीत नव्हता. मी विचारलाच नाही. बाईंनी नंतर सांगितलं, धोका जास्त असलेल्या गटात ते होते, आणि त्यांना हे फेब्रुवारीतच समजावून सांगितलं होतं. त्या गटातल्या सगळ्यांना होतं असं नाही, आणि कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही. मी विचारलं, सोमवारी शर्ट काढला असता तर? त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, लवकर आलेल्यांना स्टेरॉइड जास्त लागू पडतं, पण यांना पडलं असतं का ते सांगता येत नाही. भोंगा, हो म्हणाल्या असत्या तर मी तेवढं धरून बसले असते. नाही म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. हे "सांगता येत नाही" घेऊन मी काय करू?

तुझं दहा तारखेचं पत्र तू यायच्या आदल्या दिवशी पोचलं. मी खाटेशेजारी बसून वाचून दाखवलं, या वेळी मधे काच नव्हती. तुझी आठवड्यातून दोनदाची गोष्ट आली तेव्हा ते हसले. ओठ फुटलेले होते तरी हसले. म्हणाले, "कळलं तर तिला." त्यांना तुझा राग नव्हता, सुटल्यासारखा चेहरा झाला. मग तू आलीस तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून हे तुला माझ्याकडूनच कळायचं होतं, आणि मी महिनाभर तुझ्यापासून दडवलं. ते सांगितलं असतं तर रेघांचंही सांगावं लागलं असतं.

शेवटी अंघोळ घातली तेव्हा मी साबण लावून खूप चोळलं. रेघा गेल्या नाहीत. पुलावर पावसापाण्यात टिकावी म्हणून खात्यात वापरतात तसली शाई होती ती. तारखांसकट गेले ते.

हॉस्पिटलच्या शेवटच्या कागदावर रक्तगट बी लिहिलाय.

खोली पुढच्या महिन्यात सोडायचीय. तू पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

तुझी वहिनी


२७ एप्रिल

वहिनी,

बसमध्ये लिहितेय. शाळा सुटायला अजून वेळ आहे.

मला तुझा राग आहे. हे आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं गोडगोड वाटेल. तुझं पत्र वाचताना सोमवार आला तेव्हा मी कागद खाली टाकला. शेजारच्या खुर्चीवर बसून तू बोलली नाहीस. मी असते तर अख्खं हॉस्पिटल गोळा केलं असतं. असं मी स्वतःशी दोन दिवस म्हणत होते. मोठ्याने पण म्हटलं, पोरीसमोर. तर पोरगी म्हणाली, आई, मंगळवारी तू पण फोनवर गप्प बसलीस ना?

बसले. आणि त्याच्या आधी भोंगा वाजवला. त्याने सगळं स्वच्छ लिहून पाठवलं होतं, ज्याला धोका जास्त तो आठवड्यातून दोनदा, आणि मी वाचलं काय, तर माझा दोष नाही तेवढंच. खाज सुटली तर ती माझी समज असंही मीच लिहिलं, आणि त्याने तसं समजलं. तो तुला पेन देत होता आणि मला पत्रं. दोघींना थोडं थोडं दिलं, पूर्ण कुणालाच दिलं नाही. त्याचाही राग आहे मला. मेलेल्या माणसावर रागावता येतं हे मला माहीत नव्हतं. फार राग येतो, वहिनी. मधेच बस चालवताना येतो, आणि मग पोरांवर ओरडते.

हे "सांगता येत नाही" माझ्याजवळही आहे. माझ्या पेशींनी त्याला वाचवलं असतं का मारलं, मुलं झाली नसती तर काय, मी मंगळवारीच गाडी करून निघाले असते तर काय. बाईंना फोन करून मीही विचारलं. मलाही तेच उत्तर मिळालं, शब्दही तेच. तेव्हा ते तुझ्या एकटीचं नाही. तू एकटीने घेऊन बसू नकोस.

तो हसला हे तू लिहिलंस ते बरं केलंस. ते तू आणखी महिनाभर दडवलं असतंस तर मी तुला कधीच माफ केलं नसतं. अजूनही केलंय असं नाही. बघू.

आता कामाचं. शाळेकडून रजा घेतलीय, शनिवारी सकाळी पोचतेय. खोली मी येईपर्यंत सोडू नकोस, आणि त्याचे कपडे एकटीने आवरायला घेऊ नकोस. त्या खिडकीशी मला एकदा बसायचंय. इस्त्रीवाल्याची पाटी अजून तिरकी आहे का, ते बघायचंय.

मी रागावलेलीच येणार आहे. बोलणार नाही, कदाचित भांडेन. तू दार उघड, आणि चहा ठेव. पाणचट असला तरी चालेल.

भोंगा